मापाचं चिलखत

हिवाळी अधिवेशनाच्या काळात एक मोर्चा अडवताना नूपुर शिर्के पडली. कोणी तिला ढकललं नव्हतं की दगड मारला नव्हता. तिला पाडलं तिच्याच हेल्मेटनं. दीक्षा गणवीर चार हातांवर उभी होती आणि तिनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

दीक्षा दंगल नियंत्रण पथकात सहायक पोलीस निरीक्षक होती. महिला शिपायांची एक तुकडी तिच्या हाताखाली होती, आणि नूपुर ही त्या तुकडीतली सगळ्यात चपळ पोरगी. कॉलेजात असताना कबड्डी खेळायची. त्या दिवशी मोर्चा तसा शांतच होता. अचानक मागून रेटा आला आणि बॅरिकेडचं एक टोक उचललं गेलं. ते धरायला नूपुर वाकली, तसं हेल्मेट पुढं घसरून नाकावर आलं. तिला समोरचं दिसेना. छाती-पाठ झाकणारा बॉडी प्रोटेक्टर धिप्पाड पुरुषाच्या मापाचा. वाकलं की त्याची खालची कड मांडीत रुतायची आणि वरची हनुवटीला भिडायची. एका हातानं ती हेल्मेट सावरायला गेली आणि दुसऱ्या हातातलं बॅरिकेड सुटून तिच्या खांद्यावर आदळलं.

ते उचललं मोर्चातल्याच दोघींनी. "अगं बाई, पोट्टीले लागलं ना!" असं ओरडत त्यांनीच तिला बाजूला काढलं.

धंतोलीतल्या दवाखान्यात नूपुरच्या गळ्याजवळच्या हाडात प्लेट बसवली. दीक्षा भेटायला गेली तेव्हा ती उशीला टेकून बसली होती, चेहरा उतरलेला.

"मॅडम, चौकशीत काय लिहून राहिले? माझी चूक झाली म्हणून?"

"चूक कायची? तुहं डोकं लहान अन् हेल्मेट मोठं. इतकंच झालं."

नूपुर हसली आणि लगेच कळवळली. "हसवू नका ना मॅडम. टाके ओढतात."

दीक्षा मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हती. पथकातल्या बहुतेक मुली हेल्मेटच्या आत रुमाल कोंबत, प्रोटेक्टरचे पट्टे पाठीमागे गाठ मारून आवळत. नोकरीला लागल्यापासून तीही तेच करत आली होती. मिळालं ते घालायचं आणि उभं राहायचं, यात काही बदलता येईल असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ते तिच्या मनात आलं, आणि एकदा आल्यावर ते जाईना.

संधी लवकरच चालून आली. नव्या वर्षाच्या सुरुवातीला उपायुक्त विक्रम पत्की यांनी तिला बोलावून घेतलं. जिल्हा नियोजनाच्या निधीतून पोलिसांच्या साहित्यासाठी अनुदान मंजूर झालं होतं. त्यातून हेल्मेट, बॉडी प्रोटेक्टर आणि ढाली घ्यायच्या होत्या. खरेदीच्या तांत्रिक समितीत एक महिला अधिकारी हवी म्हणून पत्कींनी तिचं नाव घातलं होतं.

"निकष मागचेच ठेवू," पत्की म्हणाले. "निविदा निघाली आहे. फार वेळ जाणार नाही तुमचा."

"सर, मागच्या निकषात माप एकच आहे."

"बरं, मग?"

"मग आपण पुन्हा तेच विकत घेणार, जे नूपुरच्या नाकावर आलं."

पत्की वाईट अधिकारी नव्हते. कामाचा उरक असलेले आणि कामं अडकली की अस्वस्थ होणारे होते. त्यांनी खुर्ची मागं सरकवली. "गणवीर, मार्चअखेर हा निधी खर्च झाला नाही तर परत जातो. आता निकष बदलत बसलो तर ना लहान माप मिळेल, ना मोठं."

"म्हणून तर आत्ता बोलते आहे सर. मार्चमध्ये नाही."

पत्कींनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "पुढच्या आठवड्यात कंपन्यांचे लोक नमुने घेऊन येणार आहेत. निविदा उघडायच्या आधीची बैठक आहे. तिथे सगळ्यांसमोर पटवून द्या. पटलं तर शुद्धिपत्रक काढू. नाही पटलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"चालेल सर," दीक्षा म्हणाली.

ती मनीषनगरला घरी पोचली तेव्हा तिचे वडील आनंदराव ओसरीत मटार सोलत बसले होते. वीज मंडळात लाईनमन म्हणून त्यांनी उमेदीची वर्षं काढली, आणि युनियनच्या प्रत्येक मोर्चात ते पुढच्या रांगेत असत. मुलगी पोलिसात गेली तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते, पण तिच्याशी वाद घालायचं काही सोडलं नव्हतं. दीक्षानं सगळी हकिगत सांगितली. त्यांनी मटाराची शेंग तशीच हातात धरली.

"म्हणजे सरकारनं पैसे देल्ले, अन् तू त्याच्यातनं आमच्यासाठी ढाली घेऊन राहिली?"

"तुमच्यासाठी काहून, बाबा? स्वतःसाठी."

"मोर्चात आमीच राहतो ना बाई. तिकडे शाळेच्या छताले पैसे नाही म्हणते, अन् ढालीले बरोबर निघते."

"शाळेचा निधी वेगळा असतो."

"कागदावर वेगळा असते. खिसा तर एकच आहे."

दीक्षा त्यांच्यासमोर पाटावर बसली आणि मटार सोलू लागली. सोलता सोलता ती म्हणाली, "बाबा, तुमी लाठी खाल्ली आहे ना?"

"दोनदा."

"ज्यानं मारली, तो कसा होता?"

आनंदराव आठवू लागले. "पोट्टाच होता वं. नवाच असन. मारतानी त्याचेच हात थरथरून राहिले होते."

"घाबरला होता तो. ज्याले समोरचं दिसत नाही, ज्याले धड वाकता येत नाही, तो घाबरते. अन् घाबरलेला माणूसच पहिली काठी चालवते. माझ्या पोरींना समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे, बाबा. इतकंच मागून राहिली मी."

आनंदरावांनी हातातली शेंग सोलून टाकली. मग सोललेल्या दाण्यांचं ताट त्यांनी तिच्याकडे सरकवलं. "मंग घे. पण मापाचंच घे. नाही तर घेऊच नको."

दुसऱ्या दिवशी कवायतीच्या हॉलमध्ये मुलींनी शिंप्याची टेप आणून एकमेकींची मापं घेतली. डोक्याचा घेर, खांदे, गळ्यापासून कमरेपर्यंतची लांबी. "तुहं डोकं तर टरबुजाएवढं आहे वं!" असं कोणी म्हणे आणि हॉल दणाणून जाई. गळ्यात हात अडकवलेली नूपुरही सुटीवर असताना मुद्दाम आली होती. ती भिंतीजवळ खुर्चीवर बसून सगळ्यांना सूचना देत होती. आपल्या अंगाचं माप कोणीतरी विचारतंय याचीच त्या सगळ्यांना गंमत वाटत होती.

बैठकीच्या दिवशी मुख्यालयाच्या मैदानावर मांडव घातला होता. कंपन्यांचे प्रतिनिधी टेबलांवर नमुने मांडून उभे होते. त्यातला अपूर्व नावाचा तरुण सगळ्यात तयारीचा. त्यानं एका पहिलवानी गड्याला पूर्ण साज चढवला आणि त्याच्या छातीवर, पाठीवर, डोक्यावर लाठ्या घालून दाखवल्या. गडी हललासुद्धा नाही. समितीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"लहान चणीच्या माणसाला हे बसतं?" दीक्षानं विचारलं.

"युनिव्हर्सल साईज आहे मॅडम. बेल्ट आवळला की कोणालाही फिट."

"मग मला आवळून दाखवा."

अपूर्वनं पत्कींकडे पाहिलं. पत्कींनी मान हलवली. दोन महिला शिपायांनी दीक्षाला तो साज चढवला, सगळे पट्टे शेवटच्या भोकापर्यंत ओढले, हातात काठी दिली. दीक्षा उंचीनं बेताची, अंगानं सडपातळ. ती धावत मैदानाच्या टोकाला गेली आणि परत आली. मग जमिनीवरची ढाल उचलायला वाकली. हेल्मेट घसरून थेट तोंडावर आलं. प्रोटेक्टर वर सरकला आणि तिची मान कासवासारखी आत गेली. ती तशीच सरळ उभी राहिली, एका हातात ढाल, दुसऱ्या हातात काठी.

"सर," ती हेल्मेटच्या आतून म्हणाली, "तुम्ही आत्ता कुठे बसला आहात?" आणि तिनं काठी रोखली, ती पत्कींच्या ऐवजी चहाच्या टेबलाकडे.

मांडवात हशा पिकला. पत्कीसुद्धा हसले.

"हसा, हरकत नाही," ती म्हणाली. "पण मोर्चासमोर मी अशीच उभी असते. आणि माझ्या हातात ही काठी असते."

हसू ओसरलं. दीक्षानं हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. पत्की उठून टेबलापाशी आले. त्यांनी ते हेल्मेट हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि अपूर्वला विचारलं, "लहान माप बनत नाही का?"

"बनतं ना सर. कारखान्यात साचा आहे. महिलांचा प्रोटेक्टरही आहे, वेगळ्या घडणीचा. पण ऑर्डर येत नाही."

"का येत नाही?"

अपूर्व ओशाळून हसला. "कोणी मागतच नाही, सर."

दर थोडा चढणार होता. समितीतल्या एका सदस्यानं तो मुद्दा काढताच दीक्षा म्हणाली, "जुन्या ढाली चांगल्या आहेत, सर. नव्या कमी घेऊ. भागेल." ती हे आधीच तपासून आली होती. फेरफाराला नियोजन समितीची मान्यता घ्यायचं काम पत्कींनी स्वतःकडे घेतलं आणि ते त्यांनी खरोखरच भराभर केलं. शुद्धिपत्रक निघालं. अपूर्वच्या कंपनीनं लहान मापाचा नमुना दिला, तो सगळ्यांच्या सह्यांनिशी सीलबंद करून ठेवला गेला, आणि शेवटी कंत्राटही त्याच कंपनीला मिळालं.

माल आला तो ऐन मार्चच्या धामधुमीत. खोके फोडताना दीक्षा जातीनं हजर होती. ढाली चांगल्या होत्या. प्रोटेक्टर उत्तम होते. तिनं "स्मॉल" अशी चिठ्ठी लावलेलं हेल्मेट उचललं, डोक्यावर चढवलं. घट्ट बसलं, पण आतून गुबगुबीत लागलं. मग काढून आत बोट घातलं. आत जाडजूड स्पंज चिकटवला होता. तो सोलून काढला तर खाली तेच जुनं, मोठं हेल्मेट. तिनं दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळी तशीच.

अपूर्व सोबत आला होता. त्याला घाम फुटला. "मॅडम, कारखान्यानं काय केलं मला खरंच माहीत नाही. पण वर्षअखेर आहे. तुम्ही पावती देऊन टाका, एप्रिलमध्ये सगळी बदलून देतो. शब्द देतो."

"आधी बदलून आणा. मग पावती."

"इतक्यात कसं होईल, मॅडम?"

"साचा तुमच्याकडे आहे, असं तुम्हीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं. नमुना माझ्याकडे सीलबंद आहे. दोन्ही खरं असेल तर होईल."

त्यानं बाहेर जाऊन कोणाकोणाला फोन केले असावेत, कारण तासाभरात पत्कींचा निरोप आला. दीक्षा त्यांच्या खोलीत गेली. ते उभेच होते.

"गणवीर, हेल्मेट घ्या ताब्यात. निधी परत गेला तर पुढच्या वर्षी आपण कोणत्या तोंडानं मागायचा?"

"सर, मालाच्या स्वीकृतीवर सही माझी आहे. हा माल आपण मागितलेला नाही. मी सही करणार नाही."

"आणि पैसे परत गेले तर? तुमच्या मुली पुन्हा रुमाल कोंबूनच उभ्या राहतील. तेही तुमच्यामुळे."

हे तिला लागलं. पण ती डगमगली नाही. "स्पंज घामानं आठवड्यात निघून येतो सर. मग रुमालच कोंबावा लागेल. ढाली आणि प्रोटेक्टर मी आत्ता स्वीकारते, त्यांचं बिल आज लावता येईल. हेल्मेट परत पाठवू, आणि कंपनीला लेखी कळवू की करारानुसार माल आला नाही तर तिचं नाव काळ्या यादीत जाईल. ते पत्र तुमच्या सहीनं गेलं, तर हेल्मेट वेळेत येतील. मला खात्री आहे."

पत्की खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खाली मैदानावर मुली नवे प्रोटेक्टर घालून बघत होत्या. एकजण खाली बसली, उठली, परत बसली, आणि दुसरीला काहीतरी सांगून हसली. पत्की ते पाहत राहिले.

"पत्र तयार करा," ते न वळता म्हणाले. "आणि कडक भाषेत करा."

कंपनीला सरकारी गिऱ्हाइकाशिवाय दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. महिना संपायच्या आत ट्रक मैदानात शिरला, आणि ट्रकमधून ड्रायव्हरच्या शेजारून अपूर्व उतरला. कपडे धुळीनं माखलेले, डोळे तांबारलेले. त्यानं पहिला खोका स्वतः फोडला आणि हेल्मेट दीक्षाच्या हातात दिलं. तिनं ते घातलं, हनुवटीचा पट्टा लावला, वाकली, मान झटकली. हेल्मेट जागचं हललं नाही. मग तिनं सीलबंद नमुना मागवून शेजारी ठेवला, प्रत्येक खोका उघडून पाहिला, आणि मगच सही केली.

"मॅडम, कारखान्यात खूप बोलणी खाल्ली मी," अपूर्व म्हणाला.

"चहा घ्या," दीक्षा म्हणाली. "आणि आता दुसऱ्या जिल्ह्यात गेलात की लहान मापही टेबलावर मांडा. मागतील लोक."

उन्हाळा सरत आला तेव्हा नूपुर कामावर परतली. सुरुवातीला ती खांदा जपायची, रेट्याच्या सरावात मागच्या रांगेत राहायची. दीक्षानं तिला काही म्हटलं नाही. एका संध्याकाळी मुलींनी पूर्ण साज चढवून कबड्डी मांडली आणि नूपुरला चढाईला पाठवलं. तिनं दोघींना बाद केलं, तिसरीनं तिला धरून आपटलं, त्याच खांद्यावर. सगळ्या थबकल्या. नूपुर माती झटकत उठली, खांदा फिरवून पाहिला आणि म्हणाली, "काहीच नाही झालं वं! चला, पुढं खेळा." त्यानंतर ती पुन्हा पहिल्या रांगेत उभी राहू लागली.

पुन्हा डिसेंबर आला, अधिवेशन आलं आणि मोर्चेही आले. अंगणवाडी सेविकांच्या मोर्चाला दीक्षाची तुकडी पुढे लावली होती. लांबलांबच्या गावांतून आलेल्या बायका, काही तर पहाटेच घरून निघालेल्या. मंत्र्यांचा निरोप येईना तशी गर्दी चिडत गेली. दुपारी मागून रेटा आला. बॅरिकेडं करकरली. मुलींनी ढाली टेकवल्या, पाय रोवले आणि रेटा पेलला. दीक्षा रांगेमागून फिरत सारखी सांगत होती, "काठी खाली. कोणीच काठी उचलायची नाही. समोर बघा, तोंडाकडे बघा."

नूपुर समोर बघत होती, म्हणूनच तिला दिसलं. बॅरिकेडला चेपलेल्या एका वयस्क बाईचे डोळे फिरले, ओठ पांढरे पडले आणि ती उभ्या उभ्या खाली सरकू लागली. मागच्यांना ते कळत नव्हतं. रेटा चालूच होता.

"मॅडम, बाई पडून राहिली!" नूपुर ओरडली आणि परवानगीची वाट न बघता ढाल शेजारणीच्या हाती देऊन बॅरिकेडखालून पलीकडे घुसली.

पोलीस आत शिरली एवढंच गर्दीला दिसलं. "मारून राहिले, मारून राहिले!" असा एकच गलका उठला. कोणीतरी नूपुरच्या पाठीत चपलेनं मारलं, कोणी हेल्मेटवर झेंड्याची काठी हाणली. रांगेतल्या मुलींचे हात काठीवर आवळले. दीक्षानं दोन्ही हात पसरले. "जागा सोडू नका! काठी खाली!"

नूपुरनं मार तसाच घेतला. ती गुडघ्यावर बसली, बाईच्या काखेत हात घातले आणि तिला अलगद उचललं. मग चेहऱ्यावरची काच वर केली आणि खच्चून ओरडली, "अवं, तुमचीच बाई आहे ना ही? मरन ना चेंगरून! मागं सरा, अन् पाणी आणा कोणी!"

पुढच्या बायकांनी तिचं तोंड पाहिलं, तिच्या हातातली बाई पाहिली. "रुखमाबाई! अवं, रुखमाबाई पडली!" असा पुकारा मागं मागं गेला. ज्या मारत होत्या त्यांनीच हातात हात गुंफून कडं केलं. रेटा थांबला. दीक्षानं बॅरिकेड उघडायला लावलं आणि दोघी मोर्चेकरी व नूपुर अशा तिघींनी मिळून रुखमाबाईंना रुग्णवाहिकेपर्यंत नेलं.

डॉक्टरांनी तपासलं. पोटात सकाळपासून काही नव्हतं, साखर उतरली होती. पाणी, ग्लुकोज, बिस्किटं दिल्यावर रुखमाबाईंच्या चेहऱ्यावर रंग आला. समोर हेल्मेटवाली बघून त्या दचकल्या.

"तूच आणलं का वं मले?"

"हाव काकू."

"मंग ते डोक्यावरचं काढ ना. तुहं तोंड तर पाहू दे मले."

नूपुरनं हेल्मेट काढलं. रुखमाबाईंनी तिच्या घामेजल्या गालावर हात ठेवला. "तुले मारलं का आमच्या पोरींनी?"

"मारलं ना. पण लागलं नाही."

दीक्षा रुग्णवाहिकेच्या दाराशी आली होती. तिनं नूपुरची पाठ तपासली, खांदा तपासला, मग तिच्या डोक्यावर टपली मारली. "परवानगी कोणी देल्ली होती तुले?"

"पुढच्या वेळी विचारीन, मॅडम."

"नको विचारू," दीक्षा म्हणाली.

डॉक्टरांनी रुखमाबाईंना पडून राहायला सांगितलं होतं. थोडा वेळ त्या पडून राहिल्या. मग पदर खोचला, चपला शोधल्या आणि मोर्चाकडे चालू लागल्या. निवेदन घ्यायला मंत्री येणार असल्याचा निरोप आला होता, पण अजून कोणी आलं नव्हतं. बायकांनी त्यांना पुढच्या रांगेत बसायला जागा करून दिली. नूपुर बॅरिकेडच्या अलीकडे आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली, काच वर करून. घोषणा पुन्हा सुरू झाल्या, आणि त्यात सगळ्यात चढा आवाज रुखमाबाईंचा होता.